पायउतार

पाय रिकिबीपर्यंत पोचला नाही. एवढंच झालं. डावा हात आयाळीत, उजवा खोगिराच्या मागच्या कडेवर, डावा पाय वर. बावन्न वर्षं रोज केलेली गोष्ट. पण बुटाचं टोक रिकिबीच्या चार बोटं खाली हवेतच घुटमळलं. त्याने पुन्हा पाय उचलला. या वेळी तो आणखी खाली राहिला. तिसऱ्या खेपेला माशांच्या पाण्याने बुळबुळीत झालेला फरशीचा दगड उजव्या पायाखालून सरकला, आणि जनरल आम्ब्रुश तारकानी पोझोनीच्या मासळीबाजारात, सकाळी नऊच्या उन्हात, चारचौघांत खाली बसला. पडला म्हणता येणार नाही. एखादा माणूस दमून बसतो तसा बसला, फक्त बसायचं त्याने ठरवलं नव्हतं. घोडीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि परत टोपल्यांखालच्या पेंढ्यात नाक घातलं.

"आजोबा, लागलं का?" हे एक मासेवाली विचारत होती. हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकणारे, पदराच्या जागी गोणपाट. त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने पुढे काही न विचारता त्याच्या काखेत हात घातला, पोतं उचलावं तसं उचललं आणि एका पालथ्या घातलेल्या टोपावर आणून बसवलं. "माझ्या सासऱ्याचंही असंच झालं होतं. खांदे अजून बैलासारखे, पण पाय म्हणतात आम्ही काही तुझे नोकर नाही. बसा थोडं. घोडी कुठं पळून जात नाही."

बालिंट तोवर आपल्या घोड्यावरून उतरून धावत आला होता. धावत म्हणजे साठीतला माणूस धावतो तसा. गेली चौतीस वर्षं तो जनरलसाहेबांचा खास शिपाई होता. त्याने आधी घोडीची रिकीब हातात घेतली, तिचं कातडं खालून वर चाचपलं आणि गंभीरपणे म्हणाला, "नव्या नालबंदाने नाल ठोकताना खोगीर सरकवलंय साहेब. रिकीब वर गेलीय."

"रिकीब आहे तिथंच आहे, बालिंट."

"मग जमीन उताराची असेल."

"असेल," तारकानी म्हणाला, आणि त्याला हसू आलं.

लाज वाटेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तोफेचा धूर दिसल्यावर आवाजाची वाट पाहावी तसा. दूरच्या तोफेचा आवाज यायला तीनचार श्वास लागतात, ते त्याने मोजून ठेवलं होतं. धूर तर दिसला होता, पण श्वास दहा झाले, वीस झाले, आणि आवाज येईना. उलट बरं वाटत होतं. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर पडलं होतं. समोरच्या कोळ्यांच्या फाटकातून डॅन्यूबचा एक तुकडा दिसत होता, शिशासारखा. लाकडी पिंपातले मासे मधूनच शेपटी आपटत होते. बाजारातून तो गेली अकरा वर्षं रोज जात होता, पण नेहमी घोड्यावरून. वरून त्याला इथे फक्त टोप्या, डोक्यांवरचे रुमाल आणि टोपल्यांची तोंडं दिसत. आता पहिल्यांदाच माणसांना गुडघे आहेत, हात आहेत, एका म्हातारीच्या बुटाला वेगवेगळ्या रंगांच्या नाड्या आहेत, हे दिसलं. त्याला कुणी ओळखत नव्हतं. मासेवालीच्या लेखी तो एक आजोबा होता, आणि हा हुद्दा त्याने अजून भोगला नव्हता.

छातीशी, कोटाच्या आतल्या खिशात, कागद कुरकुरला. बसताना त्याची घडी मोडली असावी. परवा व्हिएन्नाहून, युद्धखात्याकडून पत्र आलं होतं. तुर्कांशी लढाई जुंपणार हे आता उघड होतं. सीमेवरच्या फौजेची उजवी बगल, तिचं सगळं घोडदळ, आठ हजार घोडे, जनरल तारकानी यांच्या हाती द्यावं असं ठरलं आहे. रविवारच्या आत होकार कळवावा. आज शुक्रवार होता. ते पत्र त्याने ओर्शोयाला, आपल्या बायकोला, एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती भरतकाम करत होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि एवढंच विचारलं, "थंडी किती असेल तिकडे?" मग त्याने ते पत्र खिशात ठेवलं, आणि दोन दिवस कुठेही गेला तरी हात आपोआप तिथे जाऊन यायचा.

आठ हजार. हा आकडा त्याने पंधराव्या वर्षापासून जवळ बाळगला होता. बाप सात आलुबुखारांच्या झाडांचा सरदार, म्हणजे कागदोपत्री खानदानी आणि घरात एकच धड कोट. टिसा नदीच्या काठच्या त्या घरातून तो एका थोराड तट्टावर बसून निघाला आणि हुसारांच्या, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, पागेत साधा स्वार म्हणून दाखल झाला. तिथे ओर्बान नावाचा हवालदार होता, तोंडात दात चार आणि शिव्या चार हजार. पहिल्याच दिवशी त्याने आपली टोपी माळावर लांब फेकली आणि म्हणाला, "चौखूर जा आणि टोपीपाशी थांब. टोपी तुडवलीस तर संध्याकाळची चंदी घोड्याबरोबर खायची." त्याने टोपी तुडवली. नऊ दिवस तुडवली. रोज संध्याकाळी ओर्बान ती झटकून डोक्यावर घालायचा आणि म्हणायचा, "घोडा पळतोच रे बाबा. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तू काय करतोस ते बोल." दहाव्या दिवशी घोड्याचे पुढचे खूर टोपीच्या काठाशी येऊन थांबले. त्या क्षणाची थरथर त्याला अजून मांड्यांत जाणवत होती. एवढा मोठा, गरम, धापा टाकणारा वेग दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन गप्प उभा राहिला होता. पुढे मेडलं मिळाली, फिती मिळाल्या, खांद्यावर सोनं चढलं, पण तसं पुन्हा फार थोड्या वेळा वाटलं.

बावीस वर्षांत स्वाराचा कर्नल होणं सोपं नव्हतं. एका नदीच्या उतारावर तो आपला कप्तान मेल्यावर कंपनी घेऊन परत आला. एकदा पाच दिवस खोगिरात झोपून प्रशियनांची रसद पकडली. एकदा गालावरून तलवार गेली, आणि तेव्हापासून त्याचं हसणं डावीकडेच होतं. लोक त्याला नशीबवान म्हणत. तो स्वतः तसं म्हणत नसे, पण नाकारतही नसे. आणि मग झाब्रोव आलं.

मासेवालीने त्याच्या हातात एक मातीचा पेला दिला. आत गरम मच्छीचं कालवण, लाल मिरचीने पेटलेलं. "प्या. रंग उतरलाय तुमचा."

"देणं काय झालं?"

"माझ्या टोपावर बसलाय, पाहुणे झालात. उद्यापासून मात्र विकत घ्या." तिने बालिंटकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय दोन घोडे धरून पुतळ्यासारखे उभे? सरका, गिऱ्हाइकाला वाट द्या."

बालिंट सरकला. त्याच्यावर इतक्या सहज आवाज चढवणारं माणूस तारकानीने आजवर एकच पाहिलं होतं, आणि ते घरी होतं. तो कालवण प्यायला. तिखट नाकापर्यंत गेलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून समोरची फरशी हिरवी झाल्यासारखी वाटली.

झाब्रोवचं कुरण असंच हिरवं होतं. ऑगस्टच्या अखेरीला, सगळा मुलूख वाळून पिवळा पडलेला असताना, तेवढंच हिरवंगार. पलीकडच्या उंचवट्यावर प्रशियनांच्या बारा तोफा होत्या. कुरण ओलांडून त्या घ्या असा हुकूम आला. त्याच्या मागे नऊशे हुसार होते. पण त्याच पहाटे त्याने तिथे घोडे पाण्यावर नेले होते आणि त्याला ठाऊक होतं की ते हिरवं म्हणजे गवत नाही, नुसतं झाकण आहे. त्याने उलट निरोप पाठवला. दुसऱ्यांदा हुकूम आला. त्याने पुन्हा निरोप पाठवला, आणि गिरणीच्या वाटेने वळसा घालण्यासाठी अर्धा तास मागितला. तिसऱ्यांदा आलेला अधिकारी घोड्यावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कर्नल तारकानी, जनरलसाहेब विचारतात, हुसारांना भीती वाटते का?" नऊशे माणसांची नजर पाठीवर पडली की तिला वजन असतं. तो हलला नाही. तेव्हा डावीकडच्या जड घोडदळाला हुकूम गेला. त्यांचा कर्नल होता लेओपोल्ड राइनेक, त्याचा पोल्डी, ज्याच्याबरोबर त्याने एकाच ताटात अकरा हिवाळे जेवण केलं होतं. तारकानीने बालिंटला पिटाळलं: जा, सांग त्याला, खाली दलदल आहे. बालिंट गेला. आणि थोड्या वेळाने पोल्डीची माणसं रांगेत, सुरेख दुडकीत, कुरणात उतरली. पहिली रांग पोटापर्यंत गेली. मग तोफा सुरू झाल्या. तारकानी तोवर हुकुमाची वाट न पाहता गिरणीच्या वाटेने नऊशे घेऊन निघाला होता, आणि अर्ध्या तासात त्याने त्या बाराही तोफा मागून घेतल्या. पण मधला तो अर्धा तास होताच.

चौकशी बसली. तोफा घेतल्या म्हणून पदक दिलं आणि उभा राहिला म्हणून शेरा. पुढे तो जनरल झाला, पण घोडदळाची बगल त्याच्या हाती कधी आली नाही. छावणीत त्याला 'उभा तारकानी' म्हणत. ते त्याने सोसलं. सोसवलं नाही ते दुसरंच. बालिंट वेळेत पोचला का, हे त्याने एकोणतीस वर्षांत विचारलं नव्हतं. पोचला नसेल तर दोष घोड्याच्या चालीचा, वाटेचा, त्याने निरोप दहा श्वास उशिरा धाडल्याचा. पोचला असेल तर काय, हे त्याला कळत नव्हतं, आणि न कळलेलंच बरं होतं.

कालवण संपलं. तो उठला. पाय आता मुकाट्याने उठले. बालिंट घोडी जवळ आणू लागला तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. चालत जाऊ."

"समोरच्या कलालाच्या दुकानात तिवई आहे. मागून आणतो. मोठमोठे सेनापती तिवईवरून चढतात साहेब, त्यात काही नाही."

"ठाऊक आहे. चल."

ते चढाच्या गल्लीने घराकडे निघाले. मागून घोड्यांच्या आठ नालांचा आवाज, सावकाश. गल्ली अरुंद होती आणि बालिंटला अर्धं पाऊल मागून चालावं लागत होतं, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित त्यामुळेच विचारता आलं.

"बालिंट, झाब्रोवला तू पोल्डीपाशी पोचला होतास?"

मागचे नाल दोनचार वेळा वाजले. "पोचलो होतो."

"वेळेत?"

"वेळेत. ते हातमोजे घालत होते. मी सांगितलं, खाली चिखल आहे, पहाटे आमची जनावरं गुडघ्यापर्यंत गेली. ते म्हणाले, दिसतंय मला, ही लव्हाळी काय माळावर उगवतात?"

"म्हणजे ठाऊक होतं त्याला."

"होतं. म्हणाले, तुझ्या कर्नलला सांग, तीन हुकूम आल्यावर उभं राहायला जी छाती लागते ती मला दिलेली नाही. चालून जायची आहे, तेवढी पुरवून बघतो. आणि हसले. मग म्हणाले, गिरणीच्या वाटेने लवकर ये म्हणावं."

तारकानी थांबला. भिंतीला हात लावला. भिंत उन्हाने कोमट होती. वर कुणाच्या तरी खिडकीत कांद्याच्या माळा वाळत टाकल्या होत्या. पोल्डीला कांदा आवडत नसे. वेचून वेचून ताटाच्या काठाला लावायचा, आणि ते सगळे तारकानी खायचा.

"हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत." बालिंट म्हणाला, "आणि तुम्ही राइनेकबाईंना दर नाताळला पत्र लिहायचात. जमिनीचं त्यांना कळलं नाही, असं लिहायचात. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही साहेब. खरं कळलं असतं तर तुम्ही खरं लिहून बसला असता. जाणूनबुजून गेले हे बायकोला कशाला कळावं? आता बाई गेल्या वर्षी वारल्या. आता काय."

"गाढव आहेस तू," तारकानी म्हणाला. "होय साहेब," बालिंट म्हणाला, आणि दोघं पुन्हा चालू लागले.

हलकं वाटलं असं नाही. ओझं तेवढंच होतं. फक्त इतकी वर्षं एकाच खांद्यावर होतं ते दुसऱ्यावर घेतल्यासारखं झालं. पोल्डी फसून मेला नव्हता. त्याने पाहिलं होतं, हसला होता, आणि मग गेला होता. लवकर ये म्हणाला होता, आणि तारकानी जमेल तितक्या लवकर गेला होता. चालता चालता त्याला कळलं की आपण पायाने गल्लीतली फरशी चाचपतो आहोत, टाच दाबून, मग चवडा. ही झाब्रोवनंतरची सवय. त्या दिवसानंतर त्याने कुठल्याही जमिनीवर माणूस घालण्याआधी स्वतः घोड्यावरून उतरून टाच मारून पाहिली होती. दिवसातून वीसवीस वेळा उतरायचा, वीसवीस वेळा चढायचा. तरुण अधिकारी हसत. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ होते. त्यांचे नकाशे सुंदर असत आणि बूट स्वच्छ.

आणि इथेच त्याला पत्राचं उत्तर सापडलं, आपणहून, शोधलं नसताना. तिवईवरून चढता येईल. लढता येईल. हुकूमही देता येतील, गळा अजून खणखणीत होता. पण ज्याला चढायला तिवई लागते तो उतरताना विचार करतो. पहिल्या दिवशी उतरेल, दुसऱ्या दिवशी उतरेल, तिसऱ्या दिवशी पाऊस असेल, तिवईवाला मागे राहिलेला असेल, आणि तो मनात म्हणेल, वरून तर हिरवंच दिसतंय. आठ हजार घोडे. त्याने खिशावर हात ठेवला. कागद तिथेच होता, पण आता त्याचं नुसतं कागद असणं जाणवलं. गंमत म्हणजे वाईट वाटलं ते फार थोडं, आणि तेही सवयीचं, बऱ्या झालेल्या हाडासारखं. जे मिळावं म्हणून माणूस आयुष्यभर झुरतो ते शेवटी मिळतं, आणि त्याला ते नको म्हणता येतं, ही चैन त्याच्या बापाला सात जन्मांत परवडली नसती.

घरी येऊन त्याने बूट न काढताच उत्तर लिहायला घेतलं. चार ओळी. सन्मानाबद्दल आभार. वय आणि पाय. उजव्या बगलेसाठी आपण मेजर जनरल मार्टन बोगादी यांचं नाव सुचवतो. शिफारशीत त्यांच्या खानदानाबद्दल, लढायांबद्दल लिहायचा रिवाज होता. त्याने लिहिलं: या माणसाचे बूट मी नऊ वर्षांत एकदाही स्वच्छ पाहिले नाहीत. मग वाळू टाकून शाई टिपली, लाख लावली, आणि बालिंटकडे देऊन टपालाच्या गाडीकडे धाडलं. पत्र दाराबाहेर गेलं तेव्हा बारा वाजले नव्हते.

ओर्शोया वरच्या खोलीत होती. दाराशी पेटी उघडी पडली होती. त्यात त्याचे लोकरी सदरे, अस्तराचे हातमोजे, पोटाला बांधायचा तो जुना पट्टा, औषधाच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळलेल्या. चाळीस वर्षांत ती पेटी तिने किती वेळा भरली असेल. तो दारात उभा राहिला.

"मी नाही म्हणून कळवलं," तो म्हणाला.

तिने लगेच मान वर केली नाही. हातातला मोजा घडी करून ठेवला. "घोडं कुठं पेंड खाल्लं?"

त्याने बाजारातलं सांगितलं, रिकीब, टोप, मासेवाली. बालिंटने सांगितलेलंही सांगितलं. ती ऐकत होती. पोल्डीचं आलं तेव्हा तिने फक्त, "शहाणा होता, आणि वेडा," असं म्हटलं आणि नाकाशी रुमाल नेला.  तेव्हा त्याचं लक्ष पलंगाच्या पलीकडे गेलं. तिथे दुसरी पेटी होती, लहान, झाकण लावून दोरीने आवळलेली.

"ती कुणाची?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"म्हणजे माझी. तुम्ही जाणार असं मी धरून चालले होते. आणि या खेपेला मी येणार होते."

"लढाईवर?"

"मग कुठं? चाळीस वर्षं खिडकीत बसून रस्ता पाहिला. मुलगी जन्मली तेव्हा तुम्ही सिलेशियात. ती गेली तेव्हा तुम्ही कुठं होतात ते मला अजून माहीत नाही. म्हटलं, आता सदुसष्टचे झालात, आता मेलात तर निदान मला आधी कळेल. विचारणार नव्हते तुम्हाला. गाडीत जाऊन बसणार होते."

तो पलंगाच्या कडेवर बसला. एवढ्या लढायांचे बेत त्याने केले होते, शत्रूच्या सेनापतीच्या मनात काय असेल हे रात्रीच्या शेकोट्या मोजून सांगितलं होतं, आणि याच घरात, दोन दिवस, त्याच्या नाकाखाली ही मोहीम सजत होती. डाव्या गालाने तो हसायला लागला.

"यात हसण्यासारखं काय आहे हो? आता दोन्ही पेट्या रिकाम्या करायच्या. कंबर मोडली माझी भरताना."

"कशाला रिकाम्या करायच्या?" तो म्हणाला. "कोमारोमला जाऊ. बहिणीकडे जायचं म्हणून किती वर्षं मागे लागली होतीस?"

"अकरा. पण तुम्ही घोड्यावरून येणार आणि मी गाडीतून. तुम्ही दुपारी पोचणार, मी संध्याकाळी, आणि तोवर माझ्या बहिणीशी तुमचं भांडण होणार."

"मी गाडीतून येतो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पाद्री आणि गरोदर बायका यांच्याखेरीज कुणीही गाडीत बसू नये असं त्याने तिच्या वडिलांच्या तोंडावर, लग्नाच्या जेवणात, सांगितलं होतं. तिने त्याची आठवण करून दिली नाही. लहान पेटीच्या दोरीची गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, "मग बालिंटला सांगा, पुढच्या बाकावर उशी घाल म्हणावं. तुमच्या कमरेला नाही सोसायचं."

दुपारचं जेवण करून ते निघाले. गाडीत चामड्याचा आणि जुन्या लव्हेंडरचा वास होता. बाक समोरासमोर होते आणि जागा कमी, त्यामुळे त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकत होते. सुरुवातीला प्रत्येक वळणाला त्याच्या हातांनी हवेतच लगाम ओढला. मग ते हात मांडीवर पडून राहिले. खिडकीबाहेरून रस्त्याच्या कडेची झाडं, कुंपणं, माणसं आपोआप मागे जात होती, त्यांना कुणी हाकत नव्हतं. ओर्शोया बहिणीच्या द्राक्षांच्या तोडणीबद्दल काहीतरी सांगत होती. यंदा माणसं मिळाली नाहीत, जावई आळशी, आणि गेल्या वर्षीची दारू आंबट झाली ती कुणामुळे हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नाही. तो मान डोलावत होता. ती आंबट दारूपाशी होती तेव्हा त्याने डोळे मिटले, नुसते मिटले, झोपण्यासाठी नव्हे; आणि शहराचं फाटक कधी मागे गेलं ते त्याला कळलं नाही.